तेइजींची रिकामी चौकट

तेइजी उसामींच्या गाडीमागे कोणी अडकलाच, तर त्यानं खुशाल डबा उघडून जेवून घ्यावं. सुझुकातल्या या माणसानं जन्मभर शाळेची बस हाकली आणि निवृत्तीनंतर छोटा ट्रक घेतला, पण वेग काही वाढला नाही. गावाबाहेरच्या ट्रॅकवर शर्यती सुरू झाल्या की घराघरातल्या कपबशा थरथरायच्या, पण हे तिकडे फिरकायचेही नाहीत. "फार आवाज करतात बुवा," म्हणायचे. आणि वेड कशाचं म्हणाल, तर मोटारशर्यतीच्या अमेरिकन सिनेमांच्या जुन्या जपानी पोस्टरांचं! आता बोला.

बरं, वेड तरी साधंसुधं असावं! घरातली सहा चटया मावतील एवढी खोली पोस्टरांनी भरलेली. पाहुणा आला, की चहा निवला तरी चालेल, पण आधी खोली बघायची. "तिकडचं पोस्टर बघाल तर नट-नटी गळ्यात गळे घालून, आणि मोटार बिचारी कोपऱ्यात, पोरकी," तेइजी हातवारे करत सांगत. "आमच्या चित्रकारानं बघा! अशी अंगावर आणलीय की माणूस दोन पावलं मागे सरतो." नावांचीही तीच तऱ्हा. तिकडे सिनेमाला एखाद्या गावाचं सरळ नाव असे. इकडे तेच येई 'मरणाला वाकुल्या' होऊन. पिनेचं भोक पडलेलं पोस्टर ते घरात घेत नसत, घडीची रेघ दिसली तरी नाक मुरडत.

या सगळ्या थाटात भिंतीवर एकच चौकट रिकामी होती. ती 'शेवटचं वळण'साठी राखलेली. लग्न ठरलं तेव्हा हात्सुएला घेऊन तेइजींनी पाहिलेला पहिला सिनेमा तो. त्याआधी त्याचं पोस्टर गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात लागलं होतं, आणि कमरेला टॉवेल गुंडाळून तेइजी त्या लाल मोटारीसमोर इतका वेळ उभे राहिले की सिनेमाला गेले ते शिंकतच. ते पोस्टर काही पुन्हा दिसलं नाही. या एकासाठी सगळे नियम माफ होते. डोळे मिटायच्या आत ती चौकट भरायची, हा त्यांचा ध्यास होता.

म्हणून दर रविवारी ट्रक निघे. शेजारी मांडीवर भाताच्या मुटक्यांचा डबा घेऊन हात्सुए. आज या देवळाचा जुना बाजार, उद्या त्या गावातलं बंद पडलेलं थिएटर. पोस्टर मिळत नसे, मग परतताना कुवानाच्या भाजलेल्या शिंपल्या नाहीतर त्सूची वाम खाऊन दुःख गिळायचं.

"अहो, ती बघा, म्हातारी सायकलवरून आपल्या पुढे गेली," हात्सुए म्हणायची.

"जाऊ दे. तिला घाई असेल."

मग न्हाणीघर बंद व्हायची वेळ आली. मालकीण मिनेकोकाकूंच्यानं आता भट्टी पेटवणं होईना. शेवटच्या दिवशी सगळं गाव अंग शेकायला लोटलं. तेइजी लालबुंद होऊन बाहेर आले आणि गल्ल्यावर बसलेल्या काकूंना त्यांनी भीत भीत विचारलं.

"काकू, ती सिनेमाची पोस्टरं हो... माळ्यावर वगैरे एखादं राहिलं असेल?"

"माळ्यावर कशाला राहतंय? थिएटरवाला लावायला द्यायचा, बदल्यात आम्हाला फुकट पास. सिनेमा उतरला की गठ्ठा तुझा सासरा न्यायचा."

"माझा सासरा?"

"अरे, दारं बनवायचा ना तो! सरकत्या कागदी दारांना आतून अस्तर लागतं की नाही? म्हणायचा, पोस्टरचा कागद दणकट. वरून चांगला कागद चढवला की कोणाला कळतंय?" काकू हसल्या. "गावातल्या निम्म्या दारांच्या पोटात नटनट्या आहेत, बाबा."

तेइजींना आपलं दार आठवलं. सहा चटयांच्या खोलीचं दार सासऱ्यांनीच तर लग्नात करून दिलं होतं! रोज सकाळी तेच सरकवून ते पोस्टरांना नमस्कार करत. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा. त्या दिवशी म्हणे तेइजी उसामींनी पिवळ्या सिग्नलवर गाडी काढली. बघणाऱ्यांचा अजून विश्वास बसत नाही.

घरी येऊन ते थेट दाराशी बसले. खाली कोपऱ्यात मांजरानं एकदा नखं मारली होती, तिथं हात्सुएनं कागदाचं फूल कातरून चिकटवलं होतं. तेइजींनी ओल्या बोटानं ते हळूच सोडवलं. आत लाल रंग. काळं चाक. आणि चाकाखाली 'वळण'चं शेवटचं अक्षर.

"हात्सुए! अगं ए! सापडलं! तुझ्या बाबांनी इथं..."

हात्सुए चहा घेऊन दारात उभी होती. तिला काही म्हणजे काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

तेइजी तिच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"खळ मीच कालवली होती त्या दाराला," ती म्हणाली. "आपला सिनेमा म्हणून मीच बाबांना ते लावायला सांगितलं."

"आणि इतकी वर्षं मी गावोगाव वणवण केली, तू गप्प? जिवाला काही वाटलं नाही?"

"वाटायचं हो. दर रविवारी सांगू सांगू म्हणायची." तिनं चहा खाली ठेवला. "पण जन्मभर तुम्ही दुसऱ्यांची पोरं फिरवलीत. मला गाडीत बसवलंत ते या पोस्टरापायी. सापडलं असतं, तर रविवारी मला कोणी नेलं असतं?"

 हात्सुएनं डोळे पुसले. "काढा आता. मी पाणी आणते. बाबा काही रागवायचे नाहीत."

पाण्याचं भांडं आलं, फडकंही आलं. तेइजींनी त्या चाकावरून एकदा बोट फिरवलं. मग ओलं बोट लावून कागदाचं फूल होतं तिथं परत चिकटवलं आणि तळव्यानं दाबून धरलं.

"रविवारी नागोयाला देवळापाशी जुना बाजार आहे," ते म्हणाले. "'शेवटचं वळण' तिथं मिळेल असं ऐकतोय. येतेस का?"

"मुटक्यांत काय भरू?" हात्सुएनं विचारलं.