दोन चिऱ्यांचा उतार

"काय म्हणते पृथ्वी?"

खोलीत कोणीही शिरलं, की सरांचा हा पहिला प्रश्न. समोरचा गोंधळला, की ते कॉटवर पडल्या पडल्या खूश होत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. भर दुपारी स्कूटीवरून धूळ खात आल्याने माझं डोकं आधीच तापलं होतं. "भाजतेय उन्हाने," म्हटलं.

"म्हणजे आहे अजून जागेवर," सर म्हणाले. "बसा."

मी फिजिओथेरपिस्ट. दोन हजार एक-दोनच्या सुमारास रत्नागिरीत या शब्दाचा अर्थ लोक परस्पर 'मालिशवाली' असा लावत. सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भाट्याच्या खाडीअलीकडे घर, परसात हापूसची कलमं, मुलगा मुंबईला. दिवाळीनंतर विहिरीजवळच्या शेवाळलेल्या पायरीवरून ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हृदय अशक्त असल्याने ऑपरेशन नको असं ठरलं. पायाला दोरीने वजन बांधलं, आणि त्या वजनाने माणूस खाली ओढला जाऊ नये म्हणून कॉटच्या पायथ्याखाली दोन चिरे सारले. चिरे म्हणजे आपल्याकडे घराच्या भिंतीला लागतात तेच, जांभ्याचे. पाय वर, डोकं खाली, आणि हलायचं नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. सरांना मात्र पेपरच्या पुरवणीत वाचलेलं काहीतरी आठवलं. अंतराळात वजन नसलं की शरीराचं काय होतं, हे पाहायला दर वेळी अंतराळात जावं लागत नाही. परदेशात धडधाकट माणसांना पलंगावर निजवतात, सहा अंशांच्या उतारावर, डोकं खाली. जेवण, अंघोळ, सगळं आडव्यानेच. सरांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जुन्या पेटीतून कोनमापक काढायला लावला आणि कॉटचा उतार मोजून घेतला.

"साडेसहा भरला," ते मला म्हणाले. "अर्धा अंश जास्त आहे. रत्नागिरीचं माप जरा सढळच असायचं."

तेव्हापासून ती कॉट म्हणजे यान. चेहरा सुजला, नाक चोंदलं, पिंढऱ्या बगळ्यासारख्या झाल्या, की सर आनंदाने सांगत, "त्या लोकांचंही अस्संच होतं हो. रक्त डोक्याकडे येतं. पायांना वाटतं, आता आपलं काम संपलं. हाडंसुद्धा झिजतात." छपराला एक काचेचं कौल होतं. त्यातून आलेला उन्हाचा तुकडा भिंतीवर सरकायचा, तो त्यांचा सूर्य. वर्गात त्यांनी किती मुलांना विज्ञानाची गोडी लावली असेल ते मला तिथे कळलं.

"आणि उतरायचं झालं की मी हाक मारीन," ते म्हणत. "मला खाली घ्या म्हणून."

यावर काकू भडकत. "तुमच्या जिभेला काही हाड? हे शब्द घरात काढायचे नाहीत." तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्याकडे माणूस जायला टेकला की त्याला कॉटवरून खाली जमिनीवर घेतात. खाली घेतलं, म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही.

हाड जुळलं, पायाचं वजन निघालं. इतके दिवस आडवं राहिलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर रक्त पायांत उतरतं आणि चक्कर येते. म्हणून मी सावकाश जायचं ठरवलं. आधी पायथ्याचे चिरे काढून काही दिवस कॉट सपाट ठेवली. मग तेच चिरे उशाकडच्या पायांखाली घातले. एरवी पेशंटची गादी उंच करायला माझ्याकडे यंत्रं असतात, इथे चिऱ्यांवर भागलं. असं सगळं उलटं झाल्यावर एका सकाळी त्यांना उभं केलं.

ते जेमतेम उभे राहिले आणि माझ्या अंगावर कोसळले. डोळे पांढरे. काकूंनी जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. मिनिटभरात सर शुद्धीवर आले, लागलं काहीच नव्हतं, पण त्यांनी ती किंकाळी ऐकली होती.

त्यानंतर ते उठेनात. चिरे पुन्हा पायथ्याशी गेले, त्यांनीच हट्टाने घालून घेतले. मी गेले की म्हणत, "आज उतरायला हवामान बरं नाही." पहिल्यांदा मी हसले. मग मला राग येऊ लागला. हाड जुळलेला माणूस असा पडून राहिला तर कशाने जातो ते मी पाहिलेलं आहे. एकदा मी तोंडावर म्हटलं, "सर, तुमची त्या लोकांची गोष्ट पुरे आता."

"त्यांना उठायची तारीख माहीत असते हो," ते म्हणाले. "माझा प्रयोग तिथेच फसलाय." मी स्कूटीवर बसून रडले.

मग मे महिना आला. एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला. काकू परसात शेजारच्या वहिनींबरोबर आंब्याची साठं वाळत घालत होत्या. कलमांवरचे शेवटचे आंबे घरात येऊन पिकले होते, वास सगळ्या घरभर, आणि सरांना कॉटवरून एक पान दिसत नव्हतं. काय झालं ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. ते एकदम ओरडले, "मला खाली घ्या. आत्ताच्या आत्ता."

मी नेहमीच्या वेळेला पोचले तेव्हा त्या दोघींनी चादरीसकट ओढून खाली घेतलेले सर लाल कोब्याच्या जमिनीवर, चटईवर आडवे होते. वहिनींच्या हातात तुळशीचं पान, काकू रडत रडत त्यांच्या तोंडात पाणी घालत होत्या, आणि ते पाणी थुंकत सर सांगत होते, "अगो, मला उतरायचं होतं. मरायचं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं ना," काकू म्हणाल्या. आधी वहिनींना हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच.

आता त्यांना उचलून परत कॉटवर ठेवणं आम्हा तिघींच्या आवाक्यातलं नव्हतं. खाली आलेल्या माणसाला वर जायला एकच वाट उरली होती, स्वतःच्या पायांची. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. चक्कर आली, गेली. काकूंनी तळपायांखालची चटई ओढून घेतली. गार कोब्याला पाय टेकले तसे सर पायाची बोटं हलवून बघू लागले. संध्याकाळी ते स्टुलाला धरून उभे राहिले. पाय लटलटत होते, पण त्यांचेच होते. "वजन आहे हो मला," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता.

पुढे काही वर्षं ते काठी घेऊन परसात हिंडले. ते दोन चिरे त्यांनी मागच्या दाराशी पायरी म्हणून बसवून घेतले. मी कधी गेले तर तिथे बसलेले असत, अनवाणी, आणि विचारत, "काय म्हणते पृथ्वी?"

"तुमच्या पायाखाली आहे, विचारा," मी म्हणायची.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी धावत गेले. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. सकाळी चहा घेऊन आल्या तर सर पायरीवर दाराच्या चौकटीला टेकून बसलेले, पाय मातीत. माणसांनी आल्यावर घाईने चटई अंथरली होती, ती रिकामीच पडली होती.

"त्यांना खाली घ्यावंच लागलं नाही गो," काकू म्हणाल्या. "खालीच होते."