कामूनताई

आमच्या गावात आल्यावर ती पहिला शब्द शिकली तो ‘कामून’, म्हणजे ‘का’. मग दिसेल त्या गोष्टीला तो लावत सुटली. बाया डोक्यावर पदर घेतात, कामून? नाव सांगितलं तरी लोक आडनाव विचारतात, कामून? चार दिवसांत शाळेतल्या पोरांनी तिचं बारसं उरकून टाकलं: कामूनताई.

दक्षिण आफ्रिकेतले काही विद्यार्थी दोन महिन्यांसाठी वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावी सेवेला आले होते. दिवसा शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर गोल बसून आपण कोण, अन्याय कशाला म्हणायचं, यावर बोलायचं. मी अंबडच्या कॉलेजात होतो, इंग्रजी बरं म्हणून त्यांचा दुभाषा झालो. त्यांच्यातली ही ताई आमच्याच घरी उतरली. परदेशी म्हणजे गोरीच, असं आई धरून चालली होती, त्यामुळे आधी तिचा जरा हिरमोड झाला. पण आठवडाभरात दोघी चुलीपुढं शेजारी बसून भाकरी थापू लागल्या.

सखूबाई कैक वर्षांपासून आमच्याकडे कापूस वेचायला यायच्या. एका सकाळी आईनं त्यांच्या कपात वरून चहा ओतला. त्यांनी तो अंगणात बसून घेतला, कप विसळला आणि भिंतीवर पालथा घातला. ताई मला इंग्रजीत म्हणाली, यांचा कप बाहेर का राहतो, आईला विचार. मी आईला सांगितलं, तिला अजून चहा पाहिजे. आईनं कौतुकानं ओतला. ताईला मी सांगितलं, सखूबाईंना तसंच आवडतं. तिनं विचारलं, “तू त्यांना विचारलंस?”

दुसऱ्या दिवशी बघतो तर ती अंगणात त्याच कपातून चहा पीत उभी. तेवढ्यात सखूबाई आल्या. “ताई, तो माझा कप हाय. मंग म्या कशात पिऊ?” आईला घरातला स्टीलचा कप काढावाच लागला. सखूबाईंनी चहा घेतला, कप विसळला आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. ताईचा चेहरा पडला.

संध्याकाळी ओट्यावर ती एकही प्रश्न न विचारता बोलली. तिची आजी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. आजी गेल्यावर सामानात पत्र्याचा एक मग निघाला, तेव्हा घरच्यांना कळलं की तिथं तिचा मग वेगळा असायचा. “आजीला आम्ही कधी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “आणि इथं मला पाहुणीचा कप मिळाला. मग इथं मी कोण?” खरं सांगतो, मला तेव्हा तिचा रागच आला. माझ्याच गावात तिनं मला उघडं पाडलं होतं.

महिन्याभरानं तिला अंबडच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती एवढंच म्हणाली, “विचारशील ना?”

दुसऱ्या सकाळी कप पुन्हा भिंतीवरच होता. मी सखूबाईंना विचारलं, तुम्हाला असं आवडतं का? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. “आवडायला काय? इतक्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई.”

मी कप आत नेऊन मांडणीवर ठेवला, आमच्या कपांशेजारी. आई म्हणाली, “कामून रे?”

आता मधे दुभाषा नव्हता. “आई, त्या दिवशी ताईला चहा नको होता,” मी म्हणालो, आणि तिनं खरं काय विचारलं होतं ते आईला सांगितलं.