टीप क्रमांक पाच

गुलाम नबी शेख आमच्या पेपरात मुद्रितशोधक होते. पेपर अमरावतीचा, नाव ‘पूर्णाकाठ’, खप बेताचा. नबीभाई राहायचे मूर्तिजापूरला. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोनं ऑफिसात. आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे, कॉम्प्युटर आल्यावर मालकांनी त्यांच्या हातात लाल पेन दिलं. मी तिथं उपसंपादक होतो आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे.

बोलायचे अस्सल वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, ‘का’ऐवजी ‘काहून’. पण छापायच्या कागदावर एक वेलांटी इकडची तिकडे झाली की त्यांच्या कपाळावर आठी. नवीन लागलेल्या एका वार्ताहरानं त्यांना विचारलं होतं की, तुम्ही स्वतः असं बोलता आणि आमच्या बातम्यांत चुका कशा काढता? ते म्हणाले, “बोलाचं येगळं, छापाचं येगळं. बोललेलं हवेत जाते.” स्वतःच्या पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी नऊ चुका काढल्या आणि सोयऱ्यांकडे शुद्धिपत्र पाठवलं. ते सोयरे दोन वर्षं बोलत नव्हते.

त्यांचा सगळ्यात आवडता मजकूर मात्र बातम्या नव्हत्या. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आपला नफा-तोटा जाहीर करावा लागतो. तो एका इंग्रजी पेपरात, आणि जिथं कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथल्या भाषेतल्या एका पेपरात छापावा लागतो. बाजाराचा नियमच तसा. वऱ्हाडात अशा कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या जाहिराती वाचणारा माणूस एकच, नबीभाई. पहिल्या पानावर त्या वर्षांत रोज कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, कुणी विष घेतलं, कुणी विहीर जवळ केली. ती पानंही तेच तपासायचे. तपासून झाल्यावर बराच वेळ चष्मा काढून बसायचे, मग कंपन्यांचे निकाल ओढायचे. म्हणायचे, इथं निदान मागच्या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या छापाशी ताडून पाहता येतो.

त्या जाहिरातींची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की, रजियाबी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा माझ्याजवळ तक्रार करत होत्या. डब्यात पीठ किती उरलंय पाहा म्हटलं तर हा माणूस आतून सांगतो, “निरंक.”

तर २००५ चा जून. अमरावतीच्या एमआयडीसीत अंकुरगंध बियाणे लिमिटेड नावाची कंपनी होती. तिचे वर्षाचे निकाल छापायला आले. जाहिरात आणणारा एजंट सहदेव, गेली दहा वर्षं आमच्याकडे येणारा. त्यानं ठरल्याप्रमाणे इंग्रजी मूळ प्रत आणि मराठी भाषांतर असे दोन्ही कागद दिले, जागा बारा सेंटीमीटर दोन कॉलम सांगितली आणि चहा पिऊन गेला.

दुपारी प्रूफ निघालं. नबीभाईंनी इंग्रजी कागदावर डाव्या हाताचं बोट ठेवलं, मराठीवर उजव्या हाताचं, आणि दोन्ही बोटं हळूहळू खाली सरकू लागली. आकड्यांचा तक्ता संपला. खालच्या टिपा आल्या. एक, दोन, तीन, चार. डावं बोट पाचवर गेलं, उजव्या बोटाला पुढं जायला जागाच नव्हती. इंग्रजीत टिपा पाच, मराठीत चार.

त्यांनी समासात ‘टीप ५ सुटली, मूळ पाहा’ असं लिहिलं आणि सहदेवला फोन लावला. सहदेव म्हणाला, सुटली नाही, काढली. जागेत बसत नव्हती. कंपनीच्या साहेबांनीच सांगितलं की मराठीत एवढं कोण वाचतं.

“मी वाचतो ना,” नबीभाई म्हणाले.

सहदेवनं समजावलं की जाहिरात त्यांची, पैसा त्यांचा, तुम्ही काना-मात्रा पाहा. नबीभाई मालकांकडे, देवरावजींकडे गेले. देवरावजींना त्या महिन्यात कागदाचं बिल भरायचं होतं आणि अंकुरगंधची जाहिरात म्हणजे कागदाची चार रिळं. ते म्हणाले की तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तो मी ऐकलेला नाही.

नबीभाई जागेवर येऊन बसले. मला वाटलं, विषय संपला. त्यांनी जाहिरातीच्या तळाशी छापलेला कंपनीचा पत्ता वाचला, त्याखालचा फोन नंबर वाचला, आणि तो नंबर बरोबर आहे का हे तपासायचं म्हणून तो फिरवला. निदान नंतर तरी त्यांनी कारण तेच दिलं.

फोन उचलला कंपनी सचिव भावना तायडे यांनी. कंपनी सचिव म्हणजे कंपनीनं कायदा पाळला की नाही हे पाहणारा अधिकारी. बाई तिशीच्या असतील, दर्यापूरकडच्या, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

“बाई, तुमची टीप पाच कुठी गेली?” नबीभाईंनी विचारलं.

बाईंनी आपली प्रत काढली. मग बाई म्हणाल्या की मी पाच पाठवल्या होत्या, तुमच्याकडे काय आलंय ते पूर्ण वाचून दाखवा. नबीभाईंनी विरामचिन्हांसकट वाचून दाखवलं. बाईंनी सांगितलं की पाचही टिपा छापा, मी लेखी देते. अर्ध्या तासात फॅक्स आला, सही-शिक्क्यासह. सोबत पाचव्या टिपेचं मराठी भाषांतर.

ते भाषांतर मला अजून आठवतं. ‘विहित उगवणक्षमतेअभावी प्रत्यागत सोयाबीन बियाण्याच्या साठ्यापोटी मूल्यघट तरतूद न करता सदर साठा मूळ परिव्ययमूल्यानुसार दर्शविण्यात आल्याने’ असं सुरू होऊन ते चौदा ओळी चालायचं आणि क्रियापद कुठं भेटतं याची माणूस वाट पाहत राहायचा. जागा उरली होती पाच ओळींची.

नबीभाईंनी इंग्रजी टीप चार वेळा वाचली. अडलेले दोन शब्द त्यांनी बाईंना पुन्हा फोन करून विचारले. मग एका कोऱ्या कागदावर लिहिलं:

‘गेल्या हंगामात नीट उगवत नाही म्हणून परत आलेल्या सोयाबीन बियाण्याची किंमत (रु. ११२ लाख) कंपनीने तोट्यात धरलेली नाही. ते बियाणे गोदामात चांगला माल म्हणून दाखवले आहे. तोटा धरला असता तर नफा तेवढ्याने कमी झाला असता, असे लेखापरीक्षकांचे मत आहे.’

हे त्यांनी बाईंना फोनवर वाचून दाखवलं. बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, अर्थ तंतोतंत आहे, जाऊ द्या. त्या संध्याकाळी गाडीत नबीभाईंनी सोबत्यांनी दिलेला चिवडासुद्धा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी जाहिरात सातव्या पानावर आली. जूनचा शेवट, पेरणीची घाई, कृषी केंद्रांपुढे माणसांची ही गर्दी. रांगेत उभं राहून राहून माणूस पेपरातलं सगळं वाचतो. बातम्या संपतात, राशिभविष्य संपतं, मग जाहिराती. दहा वाजता तिवशातल्या एका दुकानात कुणीतरी ती टीप मोठ्यानं वाचली. अकरा वाजता दुकानदारानं अंकुरगंधची पोती मागच्या बाजूला नेऊन ठेवली. बारापर्यंत परतवाड्याहून आमच्या वार्ताहराचा फोन आला की, ही बातमी आपल्याच पेपरात आहे आणि मलाच ठाऊक नाही, हे काय चाललंय?

एकच्या सुमाराला तिवशाच्या मनकर्णाबाई आमच्या ऑफिसात आल्या. साठीची बाई, स्वतःच्या सहा एकरांची वहिती स्वतः पाहणारी. हातात घडी घातलेला पेपर. गेल्या वर्षी त्यांच्या चार पोत्यांतलं एकही नीट उगवलं नव्हतं आणि कंपनीचा माणूस म्हणाला होता, तुमची जमीनच थंड. त्यांना हे लिहिणाऱ्याला भेटायचं होतं. नबीभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की छापलं आहे त्याच्यापलीकडे मला काही माहीत नाही.

तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक धांडेसाहेब जिना चढून वर आले. बरोबर वकील. मागे सहदेव, त्याचं तोंड इतकं बारीक की चष्मा मोठा दिसत होता. देवरावजी केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांना बसा बसा म्हणताना स्वतः मात्र उभेच राहिले.

धांडेसाहेबांचं म्हणणं असं की पेपरानं जाहिरातीचा मजकूर बदलला, भाषांतर विकृत केलं, कंपनीची बदनामी झाली आणि उद्या नोटीस येणार. नबीभाईंनी फॅक्स, इंग्रजी प्रत आणि छापील पान टेबलावर मांडलं. वकिलांनी चष्मा लावला. इंग्रजी वाचलं, मराठी वाचलं, परत इंग्रजी वाचलं. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, भाषांतर बरोबर आहे.”

“बरोबर आहे हो,” धांडेसाहेब म्हणाले, “पण हे कळतंय!”

वकील म्हणाले की, कळू नये असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. तेवढ्या वाक्याची फी त्यांनी पुढं लावली की नाही, ते मला ठाऊक नाही.

मग धांडेसाहेबांनी सूर बदलला. ते सांगू लागले की बियाणं तसं चांगलंच आहे, गोदामात सुरक्षित आहे, त्यातलं एक पोतंही यंदा विकलेलं नाही, हा फक्त हिशेब दाखवण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. खुर्चीतल्या मनकर्णाबाईंनी पेपर मांडीवर ठेवला.

“चांगलं असंल तं इकता काहून नाई?” त्यांनी विचारलं. “आन् खराब असंल तं नफा कसा?”

धांडेसाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं. देवरावजी चहा मागवायला म्हणून आत गेले ते बाहेरच आले नाहीत. मला त्या घडीला हसू येत होतं आणि ते दाबायला मी एक बातमी उगाच तपासत बसलो. नबीभाई मात्र अजिबात हसले नाहीत. त्यांनी जाहिरातीतल्या कंपनीच्या पत्त्याखाली लाल रेघ मारली आणि ते पान मनकर्णाबाईंना दिलं. तिथं तायडेबाई म्हणून आहेत, तोच प्रश्न त्यांना लेखी विचारा, म्हणाले.

मनकर्णाबाई गेल्या, आणि एकट्या गेल्या नाहीत. आठवडाभरात तायडेबाईंच्या टेबलावर तेच दोन ओळींचे प्रश्न अडीचशे जणांच्या सह्यांनिशी आले. त्यातले अकरा जण भागधारक निघाले. ती अर्जांची थप्पी बाईंनी संचालक मंडळापुढं ठेवली. लेखापरीक्षकांनी आपलं मत बदलायला नकार दिला. शेवटी परत आलेला सगळा साठा पंचांसमक्ष नष्ट झाला आणि ज्यांच्याजवळ जुन्या पावत्या होत्या त्यांना नवीन पोती मिळाली. मनकर्णाबाईंना चारांऐवजी तीनच मिळाली, कारण एक पावती उंदरानं खाल्ली होती. त्या उंदराबद्दल त्या धांडेसाहेबांपेक्षा वाईट बोलायच्या.

आमची जाहिरात अर्थातच गेली. देवरावजींनी नबीभाईंना काढलं नाही, पण महिनाभर त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. जुलैअखेर अंकुरगंधचे पुढचे निकाल दुसऱ्या एका पेपरात आले. त्या तिमाहीत कंपनीनं तो तोटा खरोखरच धरला होता, एकसष्ट लाखांचा निव्वळ तोटा दाखवला होता. पण तिथल्या ऑपरेटरनं तक्त्यावर ‘रुपये लाखात’ऐवजी ‘रुपये कोटीत’ टाकलं आणि तिथं दोन बोटं लावून पाहणारं कुणी नव्हतं.

नबीभाईंनी तो पेपर सकाळी मूर्तिजापूर स्टेशनवर घेतला, गाडी यायच्या आत वाचला, आणि स्टेशनवरच्या पीसीओवरून तायडेबाईंना घरी फोन केला. बाई दात घासत होत्या. एकसष्ट कोटींचा तोटा ऐकून त्यांनी ब्रश तसाच ठेवला आणि त्या ऑफिसात पळाल्या. तोवर दोन बँकांचे आणि धांडेसाहेबांच्या सासऱ्यांचे फोन येऊन गेले होते. एकसष्ट कोटी बुडवायला आधी तेवढे असावे लागतात, हे सांगण्यात धांडेसाहेबांची सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापावं लागलं, दुप्पट जागेत.

दिवाळीआधीच्या निकालांची जाहिरात घेऊन सहदेव आमच्या जिन्यावर दिसला. यावेळी त्यानं कागद आधी देवरावजींना दिले नाहीत. नबीभाईंपुढं ठेवले आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलंय की मराठी तुम्हीच करा, फक्त फार सोपं करू नका. नबीभाईंनी विचारलं, “म्हंजे किती सोपं?” त्याचं उत्तर साहेबांनी सहदेवला दिलेलं नव्हतं.

नबीभाई २००९ साली निवृत्त झाले. तायडेबाई त्याआधीच नागपूरला एका मोठ्या कंपनीत गेल्या होत्या, पण अडलेल्या शब्दासाठी त्यांचा फोन मूर्तिजापूरला यायचाच. एकदा त्यांनी विचारलं की कायद्यात कंपनीनं ‘मटेरियल’ माहिती लपवू नये असं म्हटलंय, त्याला मराठीत काय म्हणू? शब्दकोशात ‘सारभूत’ आहे, ‘महत्त्वाची’ आहे, मला दोन्ही पटत नाहीत. नबीभाईंनी दोन दिवस मागून घेतले. मी नेमका त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. रजियाबींनी आमच्यापुढं शेवया ठेवल्या होत्या आणि ते खात नव्हते. मग फोन लावून म्हणाले, “जे ठाऊक असतं तर माणसानं येगळं ठरवलं असतं, ते. एका शब्दात पायजे असंल तर दुसरा माणूस पाहा.”

बाईंनी पहिलं वाक्य लिहून घेतलं, तेवढं ‘येगळं’चं ‘वेगळं’ केलं.