कीपरचं गाऱ्हाणं

आधीच सांगून टाकतो, त्याला मी काढला. नंतर सगळे म्हणाले, मॅनेजरने काढला, दोन कंपन्यांमधली खेळाडूंची अदलाबदल होती, असं चालतंच. चालतं, कबूल. पण मॅनेजरने ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी खुर्चीत मी बसलो होतो आणि ‘हो’ माझ्या तोंडातून निघालं. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलायची मला सोय नाही.

ओमानात रुसैलला आमची पाइपांची फॅक्टरी. मी स्टोअरमध्ये, आणि नऊ वर्षं कंपनीच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. तो मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन, मालवणकडचा, आणि अठरा वर्षं आमचा विकेटकीपर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो मला ‘झिला’ म्हणायचा, म्हणजे पोरा. चाळिशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला अख्ख्या ओमानमध्ये पोरा म्हणणारा तो एकटाच होता.

मी ऑफस्पिन टाकतो. टाकतो म्हणजे काय, हात फिरवतो. मला विकेट मिळायच्या त्या दादामुळे. स्टंपांच्या मागे बसून तो मालवणीत सांगायचा, कारण समोरच्या केरळी नाहीतर लाहोरी बॅट्समनला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. “भायर टाक. अजून भायर. आता हळू सोड, मेलो पुढे येता बघ.” मी हळू सोडायचो, बॅट्समन पुढे यायचा, आणि मागे बेल्स उडालेल्या असायच्या. लोक मला येऊन टाळी द्यायचे. मी ती घ्यायचो, लाज न बाळगता.

आणि दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला त्याचं गाऱ्हाणं. मी ठाण्याचा, मला आधी वाटायचं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. तळकोकणात तसं नाही. तिथे कुठल्याही कामाच्या आधी नारळ ठेवून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे हो महाराजा, आमचंही तेच मागणं. एकट्याच्या गाऱ्हाण्याला अर्थ नसतो. होकार द्यायला माणसं लागतात.

आमचं मैदान म्हणजे दगडगोट्यांचा माळ, मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर चटई. शुक्रवारी उजाडल्या उजाडल्या मॅच सुरू करायची आणि नमाजाच्या आत आटपायची. तिथे कंपनीच्या बसच्या आडोशाला दादा नारळ ठेवायचा आणि आम्ही बाकीचे दहाजण टोप्या काढून उभे. आमचा फास्ट बोलर श्रीलंकेचा, ओपनर त्रिशूरचा, दोघे हैदराबादचे. मराठी एकालाही येत नाही. पण ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांना पाठ, आणि लंकेचा गडी तर असा ओरडायचा की बसचा ड्रायव्हर दचकून खाली उतरायचा.

तर हा आमचा दादा. एकोणपन्नास वर्षांचा. गुडघे वाजायला लागले होते, उठताना स्टंपला हात लावून उठायचा. लेग साइडचा बॉल सुटायचा. सलग तीन वर्षं आम्ही सेमीफायनलला हरलो, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या हातून सोपा कॅच पडला होता. तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीच बोललो, मनातल्या मनात, आणि ते वर्षभर बोलत राहिलो.

तो त्या एप्रिलमध्ये कायमचा घरी जाणार होता. सगळ्यांना सांगून झालं होतं. “ह्यो एक सीझन तुमच्यावांगडा खेळतंय, मगे खलास. आंब्याक पाणी घालीत बसतलंय.” त्याचं मागणं एवढंच, शेवटची मॅच आमच्याबरोबर. गावाहून त्याची बायको विचारायची, तिकडे ठेवलंय काय इतकं, तर तो सांगायचा, टीम आसा माझी. कुणाला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे. कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीत सहाजणांत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला आपलं म्हणायला दुसरं काय असतं?

ऑक्टोबरात मॅनेजरने मला बोलावलं. बौशरच्या एका कंपनीकडे बावीस वर्षांचा कीपर होता, मंगळूरचा, टीमबाहेर बसून होता. मांजरासारखा चपळ आणि वर सिक्सर मारणारा. त्यांना अनुभवी कीपर हवा होता, आणि इलेक्ट्रिशियनची जागाही रिकामी होती. मॅनेजर म्हणाला, “आपला द्या, त्यांचा घ्या. व्हिसा ट्रान्सफर आम्ही बघतो. कॅप्टन तू आहेस. बोल लवकर, यल्ला.”

मी विचार करायला एक दिवससुद्धा मागितला नाही. मला कप हवा होता. नऊ वर्षं कॅप्टन आणि कपाट रिकामं, हे मला खात होतं. मी म्हणालो, “हो, करून टाकू.” मग वर शहाणपणा केला, “पण त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल.” त्याला वाईट वाटेल म्हणे! मला त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच होतं ते.

हा बुधवार. एचआरवाले त्याला रविवारी सांगणार होते. मध्ये शुक्रवार आला, आणि शुक्रवारी सीझनच्या आधीची सरावाची मॅच होती. म्हणजे गाऱ्हाणं.

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. बसमधून उतरलो तर दादा नारळाची शेंडी नीट करत बसलेला. धुतलेले पांढरे कपडे, कपाळाला गंध. आम्ही टोप्या काढल्या.

“बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखात, ह्या माळरानार तुझी लेकरां खेळूक उभी रवली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचा बोट मोडू नये, कोणाचो पाय मुरगळू नये म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो माझो आखेरचो सीझन आसा म्हाराजा. ज्या पोरांवांगडा अठरा वर्सां खेळलंय, त्यांच्यावांगडाच माका आखेरची मॅच खेळूक दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी म्हणालो. सगळ्यांच्या बरोबर, मोठ्याने. न म्हणावं तर बाजूच्याला कळलं असतं. सही झालेला कागद मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी माळावर उभा राहून देवाला सांगत होतो की हो बाबा, ह्याला आमच्यातच ठेव. माझ्या आयुष्यात मी खोटं खूप बोललो, पण इतकं ढळढळीत कधीच नाही.

आणि मॅचनंतर नेहमीसारखा तो आमच्या माबेलाच्या घरी जेवायला आला. दर शुक्रवारी यायचा. बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्याने दोनदा भात मागून घेतला. माझ्या मुलाला मराठी धड येत नाही, त्याला तो मालवणी शिव्या शिकवून हसवत होता. मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने तीनदा आत गेलो. जाताना तो दारात म्हणाला, “झिला, आज बॉल बरो वळत होतो तुझो. ह्या वर्साक कप आपलोच.”

तो गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती रत्नागिरीची, तिला गाऱ्हाणं मला सांगायची गरज नाही. ती ताटं उचलत होती, ती तशीच खाली ठेवली.

“आणि तुम्ही सकाळी त्याच्या तोंडावर व्हय म्हाराजा म्हणालात?”

“मग काय करणार होतो?”

“गप्प बसायचंत. निदान गप्प तरी बसायचंत हो! आणि वर मला त्यांना वाढायला लावलंत? भावोजी म्हणते मी त्यांना!”

रविवारी दहाच्या सुमारास दादा स्टोअरच्या खिडकीशी आला. हातात केबल मागायची स्लिप होती, नेहमीसारखी. मी केबल मोजून दिली. त्याने सही केली. मग स्लिपकडेच बघत म्हणाला, “माका सांगूक तुझ्या तोंडाक काय झालेला?”

मी म्हणालो, “दादा, कंपनीचा निर्णय...”

“गप रव.” आवाज चढला नव्हता. “तू येवन सांगलं असतंस, दादा, आता तुझ्याच्यान होणा नाय, तर मी सवताच बाजूक झालो असतंय. त्या नव्या पोराक शिकवलं असतंय. पाणी घेवन इलो असतंय मैदानात. पण तुमच्यात रवलो असतंय रे.”

हे मला सुचलंच नव्हतं. देवाशप्पथ सांगतो, सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, तो खेळेल किंवा तो जाईल. टीममध्ये राहायला खेळावंच लागतं असं नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मला, कॅप्टनला, नव्हतं.

त्याच दुपारी मी मॅनेजरकडे धावलो. म्हटलं, राहू दे, नको. तो म्हणाला, “कागद गेले. आता नाही म्हटलं तर व्हिसा कॅन्सल करून त्याला घरी पाठवावं लागेल. तसं करू?” आठवड्याभराने दादा बॅग घेऊन बौशरच्या कॅम्पात गेला. कीपिंगचे ग्लोव्हज इथेच ठेवून गेला, कंपनीचे होते म्हणून.

नवा पोरगा चांगला आहे. त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, बिचाऱ्याचा काय दोष. मागून “गुड एरियाज, कॅप्टन!” असं ओरडतो, म्हणजे टप्पा छान. माझे बॉल लांब लांब जातात आणि तो तरीही गुड एरियाजच म्हणतो. बॅटिंगने मात्र त्याने आम्हाला मॅचेस जिंकून दिल्या. आम्ही सेमीफायनलला पोचलो, आणि समोर आली बौशरची टीम.

ती दादाची शेवटची मॅच होणार, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. ते हरले तर तो घरी जाणार होता, आणि ते हरणार होते. टीम कच्ची होती त्यांची.

आम्ही बसमधून उतरलो तर पलीकडे, त्यांच्या बसच्या आडोशाला, दादाने नारळ ठेवलेला. अंगात निळी जर्सी, ढगळ, दुसऱ्या कुणाच्या मापाची. त्याची टीम मोबाइल बघत, बूट बांधत इकडेतिकडे उभी होती. त्याने कुणाला बोलावलंसुद्धा नाही. हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! आज आखेरचो नारळ ठेवतंय म्हाराजा!”

त्यांच्यातलं कुणी काही बोललं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. पण आमच्या बाजूने लंकेचा गडी बूट तसाच टाकून ओरडला, “व्हय म्हाराजा!” त्रिशूरवाला ओरडला. हैदराबादचे दोघे ओरडले. बघता बघता आमची जुनी आठ माणसं टोप्या काढून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मीही गेलो. पाय आपोआप गेले.

“दोनय बाजूच्या पोरांका सांभाळ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या जाग्यार जो पोरगो उभो आसा, त्याच्या हाताक यश दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दादा जरा थांबला. डोळे मिटलेलेच.

“आणि जो कोण चुकलो-माकलो आसात, त्याका सांभाळून घे म्हाराजा. तो वायट नाय म्हाराजा. त्याका कप होयो होतो, इतक्याच.”

कुणी ओरडलं नाही. मालवणी येत नसली तरी ‘कप’ सगळ्यांना कळलं होतं. आठही माणसं माझ्याकडे बघायला लागली. हा होकार माझा होता, दुसऱ्या कुणी देऊन चालणार नव्हतं. ऑक्टोबरात खोटं बोलताना केवढा आवाज निघाला होता माझा! आता खरं म्हणायचं होतं तर मी नुसती टोपी चुरगळत उभा राहिलो. दादाने वाट बघितली. बॉलची बघायचा तशी, मान थोडी पुढे काढून, बराच वेळ.

मग हळू आवाजात त्याचं त्यानेच म्हटलं, “व्हय म्हाराजा,” आणि खाली वाकून दगडावर नारळ फोडला.