हरणासाठी नाकारलेली गोळी

सिंगापूरच्या पोलीस खात्यात मी बऱ्याच चौकशा केल्या, पण ही एक अजून मनातून जात नाही. नोकरीची शेवटची वर्षं होती. विमानतळावरून फोन आला. न्यूझीलंडहून परतलेल्या एका मराठी जोडप्याच्या बॅगेत, जाकिटाच्या खिशात, जिवंत काडतूस सापडलं होतं. इथे परवान्याशिवाय एक काडतूस बाळगणंही गंभीर गुन्हा आहे.

दोघंही आयटीतली, सिंगापूरच्या बिशान भागात राहणारी. काडतूस जप्त केलं आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

"माझंच आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही," नवरा म्हणाला.

पलीकडच्या खोलीत बायको म्हणाली, "सर, ते माझं आहे. ह्यांना त्रास देऊ नका."

दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलत होतं. मी नवऱ्याला विचारलं, "हे कशासाठी?"

"हरणाच्या शिकारीसाठी."

"मग वापरलं का नाही?"

"राहून गेलं," एवढंच तो म्हणाला.

तोच प्रश्न बायकोला केला. ती लगेच म्हणाली, "हरणावर ही गोळी चालवत नाहीत, सर. हिला पूर्ण तांब्याचं आवरण आहे. ही आत फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पळतं, रक्त फारसं सांडत नाही, माग लागत नाही. मग ते झाडीत तडफडत मरतं. आम्हाला शिकारीला नेणाऱ्या वाटाड्याने मला टोकाला शिसं उघडं असलेली गोळी दिली. तिने हरीण लवकर पडतं, पळालंच तरी रक्तावरून सापडतं. ही सरावातली उरलेली. थंडीत ह्यांचं जाकीट घातलं होतं, खिशात तशीच राहिली."

मी न्यूझीलंडला त्या वाटाड्याला फोन लावला. त्याने सगळं तसंच सांगितलं आणि म्हणाला, "नेमाची खात्री वाटेना म्हणून बाईंनी समोरचं हरीण सोडून दिलं."

हे सगळं अहवालात गेलं. वरिष्ठांनी कडक समज देऊन प्रकरण मिटवलं.

"खोटं का बोललात?" मी नवऱ्याला विचारलं.

"तिला नुकतीच नोकरी लागलीय, सर. इथे काम करायचा पास गेला असता."

मी त्याला रागावलो, पण आवाजात जोर नव्हता. चौकशीच्या खोलीत माणसं स्वतःला वाचवतात, हेच मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो.

त्यानंतर वस्तू कुणाची हे विचारण्याआधी ती कशासाठी होती, हे मी विचारू लागलो. निवृत्तीपर्यंत कितीतरी निरपराध माणसं त्या प्रश्नामुळे घरी गेली. जाताना बाईंनी माझे आभार मानले होते. खरा ऋणी मीच आहे.