मागच्या दाराची मलमपट्टी

पट्टीबाईंची आणि माझी ओळख प्रौढांच्या वर्गात झाली. त्या शिकवीत असत आणि मी शिकत असे. दिवसा त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातील दवाखान्यात मलमपट्टीचे काम करीत, म्हणून सर्वजण त्यांना पट्टीबाई म्हणत.

कारखान्याच्या फाटकावर एक फळा होता. अपघाताविना किती दिवस गेले, तो आकडा त्यावर रोज वाढे. ठरलेला आकडा गाठला की अख्ख्या खात्याला भरपगारी सुट्टी मिळे. कोणी जखम घेऊन दवाखान्यात आला की आकडा शून्यावर येई. साहेबांना ही आपली योजना फार पसंत होती. कामगारांनी तिच्यावर तोड काढली. भाजले, कापले तर ते संध्याकाळी पट्टीबाईंच्या घरी मागच्या दाराने येत. बाईंना नाही म्हणणे जमत नसे. कोणाचे नाव फोडणार नाही, असा शब्दही त्यांनी देऊन ठेवला होता.

स्वयंपाकघरात मलमाचा वास कायमचा वस्तीला आला. पुढे बाईंच्या लक्षात आले, की येणाऱ्या बहुतेकांचे मनगटच पोळलेले असते, आणि ते सारे वाफेच्या एकाच व्हॉल्व्हपाशी काम करतात. त्यांत त्यांचे धाकटे दीरही होते.

"भावोजी, उद्या दवाखान्यात येऊन हात दाखवा. नोंद झाली तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल त्यांना."

"वहिनी, सुट्टी अगदी तोंडावर आलीय. आता मी आकडा घालवला तर पोरं मला कच्चा खातील."

"आणि तो व्हॉल्व्ह खाईल तेव्हा?"

"तो गुणी आहे हो, नुसता चाटतो!" दीर हसले.

बाईंना हसू आले नाही. त्या थेट साहेबांकडे गेल्या.

"साहेब, वाफेचा तो व्हॉल्व्ह बदला. माणसं भाजतायत."

"कोण भाजलं? नावं सांगा."

बाई शब्दाने बांधलेल्या.

"बघा! दवाखाना रिकामा, फळ्यावर एवढा आकडा, आणि मी चालतं खातं बंद ठेवू? वरच्यांना काय सांगू, बाईंना स्वप्न पडलं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढावा तरी कोणावर? फळा पाहून कारखाना ओळखणाऱ्या साहेबांवर, सुट्टीसाठी हात झाकणाऱ्यांवर, की मुकाट्याने पट्ट्या बांधणाऱ्या स्वतःवर?

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी तो व्हॉल्व्ह फुटला. दोघे जागीच गेले. दीर वाचले, पण त्यांचे डोळे गेले.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे एकाही जखमेची नोंद नव्हती." बाईंनी उठून सारे सांगितले. तेव्हा त्यांनाच विचारण्यात आले, "मग तुम्ही नोंद का केली नाही?" कामगार माना खाली घालून बसले होते. ठपका आला तो मेलेल्यांच्या निष्काळजीपणावर. व्हॉल्व्ह नवा बसला, पण सुट्टीचा नियम तोच राहिला.

काही दिवसांनी रंगखात्यातला एकजण मागच्या दाराशी आला. हात फडक्यात गुंडाळलेला होता.

"बाई, थोडंसंच आहे. कोणाला कळायला नको."

आतल्या खोलीत दीर भिंत चाचपत चालले होते. बाईंनी फडके सोडवले, पोळलेल्या हातावर गार पाणी ओतले आणि म्हटले,

"पट्टी मी इथे बांधणार नाही. आत्ताच माझ्याबरोबर कारखान्याच्या दवाखान्यात चला, आणि हात झाकू नका. एवढं माझं ऐका."