फाटकवाल्या होआयचा पायगुण

मला गल्लीत संशयी म्हणतात. म्हणू देत. भल्या पहाटे स्टेशनबाहेर चूल पेटवून माशाच्या रश्शातल्या शेवया विकणाऱ्या बाईने संशय घ्यायचा नाही, तर कुणी घ्यायचा? मासेवाला कालचा मासा आजचा म्हणून गळ्यात मारतो. कोथिंबीरवाली ओल्या फडक्याखाली पिवळी पानं लपवते. आणि भवानीचं गिऱ्हाईक वाकडं निघालं, भाव विचारून तोंड फिरवून गेलं, तर सगळा दिवस गेलाच म्हणून समजा. त्यावर आमच्या गो सायच्या बाजारात एकच उपाय. वर्तमानपत्राचा तुकडा पेटवायचा, गाड्याभोवती फिरवायचा आणि त्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जमिनीवर आपटून विझवायचा. एका बाईसाठी तर आमच्याकडे कागद तयारच ठेवलेला असायचा. ती म्हणजे फाटकवाली होआय.

होआय आमच्याच गल्लीतली, रेल्वे फाटकावर नोकरीला, फाटकाला लागूनच तिचं घर. लग्नाला महिना झाला नाही तोच नवरा बोटीसकट समुद्रात गेला. त्यानंतर एकदा ती बाजारात तांदळाचे वाफोळे विकणारीकडे पहिलं गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली आणि त्या बाईची हंडी पायावर उलटली. झालं, होआयच्या पायगुणावर शिक्का बसला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे तशी रीतच नाही. तिचं तिनेच ओळखलं आणि ती दुपारी बाजाराला यायला लागली, भाज्या माना टाकतात तेव्हा. फाटक बंद करून झेंडा धरून उभी असायची, तेव्हा पलीकडे थांबलेली माणसं खाली बघायची. कामाला निघताना पहिलं दर्शन तिचं नको ना. मग तीच पाठ फिरवून रुळांकडे बघत उभी राहायला लागली. नोकरी संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

आणि तेत आला, म्हणजे आमचं नवं वर्ष, की ती दार लावून घ्यायची. पहिल्या दिवशी पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर घराचं वर्ष ठरतं. त्यासाठी माणूस आधी सांगून ठेवावा लागतो. आमच्या अर्ध्या गल्लीचा माणूस ठरलेला, केळीबागवाले खिएमभाऊ. आईबाप हयात, तीन मुलगे, पोट सुटलेलं, हसरा चेहरा. होआय कुणाकडे जायची नाही आणि तिच्याकडेही कुणी जायचं नाही. एवढं होऊन ती कधी कुणावर चिडली नाही. मला तर त्याचाच संशय यायचा. इतकं सोसून माणूस गप्प राहतो म्हणजे आत काहीतरी शिजत असणार.

अशात ती त्राम उगवली. दा नांगची, तिशीची, पाठीला पिशवी, पायात मळके बूट. म्हणाली, आठ परदेशी पाहुणे आणीन, महिन्यातून एकदा, रेल्वेने. मोठी बस आणली की गल्लीची वाट लागते, विमानाचा धूर फार, म्हणून माणसं थोडी आणि गाडी साधी. ती तुमच्याच घरी राहतील, तुम्ही जेवता तेच जेवतील, पैसे थेट तुमच्या हातात. मी विचारलं, यात तुझं काय? म्हणाली, माझा पगार आहे. पैसेवाली माणसं विमान सोडून आमच्या धुळकट गाडीत कंबर मोडून घेतात आणि ही पोरगी पगारावर खूश. मला कुणी वेडी समजतं की काय? किनाऱ्यालगतच्या जमिनी हुंगायला आली असणार, असं मी त्याच दिवशी माझ्या सुनेला, लुआला, सांगून टाकलं.

त्राम घराघरांत शिरून बघत होती. सांडपाणी कुठे जातं, कचरा जाळता की पुरता, रात्री म्हाताऱ्या माणसाला मोरीत जायला दिवा आहे का. सरकारी माणूससुद्धा इतकं विचारत नाही. चार घरं तिने निवडली, त्यातलं एक आमचं आणि पहिलंच होआयचं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं की बाई, ते घर सोडून काहीही कर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, पाळी चारही घरांची, दोन-दोन पाहुणे. एक घर वगळायचं तर मी ही गल्लीच वगळते. आता बोला. हिला होआयचा एवढा पुळका का? नात्यातली असेल, नाहीतर होआयने काही कबूल केलं असेल. मी बरीच चौकशी केली, हाती काही लागलं नाही. त्यामुळे संशय आणखीच वाढला.

पहिल्या खेपेला होआयकडे उतरलेलं म्हातारं जोडपं पहाटे पहाटे माझ्याच गाड्यावर येऊन बसलं. भवानीला, आणि तेही थेट त्या घरातून. मी चुलीवरचं झाकण काढलंच नाही. रस्सा व्हायचाय म्हणून खुणेने सांगितलं. ती दोघं आपली हसत बसून राहिली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत. हमाल येऊन एक वाडगा घेऊन गेला, तेव्हा कुठे त्यांना वाढलं. त्या दिवशी इंजिन बिघडून गाडी स्टेशनात अडकली आणि माझं पातेलं खरवडून संपलं. लुआ म्हणाली, बघा आई, पायगुण. मी म्हटलं, गप बस. असलं घबाड मिळतं ते पुढे दामदुपटीने वसूल व्हायलाच.

लुआशी मी तेव्हा जरा जपूनच बोलत होते. तिला सातवा महिना लागत आला होता. याआधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि मी बाहेर बसून कांदे चिरत होते, म्हणजे रडलं तरी कुणी विचारू नये. या वेळी मला काही म्हणजे काही वाकडं व्हायला नको होतं. तेताच्या पहिल्या पावलासाठी मी खिएमभाऊंना दोन महिने आधीच सांगून ठेवलं, तीन मुलग्यांचा बाप म्हणून. लुआला बजावलं, दिवस गेलेल्या बाईनेही त्या सकाळी कुणाच्या घरात जायचं नसतं, तेही अपशकुनीच धरतात. घरात बस, उंबऱ्याबाहेर पाऊल नको. तिने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आणि नेमकं त्राम विचारायला आली. तेताआधी गाड्यांना मुंगी शिरायला जागा नाही, आठ जागा एकत्र मिळतात त्या पहिल्या दिवशी सकाळी पोचणाऱ्या गाडीच्या. आले तर चालेल ना? मी हो हो म्हटलं. तिसऱ्या घरानेही हो म्हटलं, चौथ्यानेही. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, आणि प्रत्येकीने मनात धरलं की आधी दुसरीकडे जातील, आपल्याकडे खिएमभाऊ येऊन गेले की मग आपण दार उघडू. सरळ नाही म्हणाली ती एकटी होआय. पहिल्या दिवशी माझ्याकडे कुणाला आणू नकोस, म्हणाली. मी लुआला म्हटलं, बघ, हिचं काहीतरी लपवायचं चाललंय.

तेताची सकाळ उजाडली. मुलगा कोळंबीच्या तळ्यावर राखणीला गेलेला, घरात आम्ही दोघीच. फाटकावरून गाडी गेल्याचा आवाज आला, मग गल्लीत बुटांचा. त्राम हळूच दारावर टकटक करून म्हणाली, थिएप काकू, आम्ही आलो. मी आतूनच म्हटलं, थांब हं जरा, आंघोळीला बसलेय. मी तर देवासमोर उदबत्त्या लावून, नवे कपडे घालून, दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. शेजारच्या दाराने सांगितलं, किल्ली सापडत नाही. त्यापुढचं दार तर बोललंच नाही. खिएमभाऊ गल्लीच्या त्या टोकाला होते. प्रत्येक घरात त्यांना भाताच्या दारूचा पेला मिळतो, त्यामुळे त्यांची चाल मंदावते. आठ माणसं सामान पायाशी ठेवून दवाने भिजलेल्या कठड्यावर बसली. त्यातली एक बाई, मार्गिट नावाची, सत्तरीची असेल. ती मागेही येऊन गेली होती, होआयकडे राहिली होती. गाडीत रात्रभर बसून तिचे पाय सुजले होते. मला कसंसंच झालं, पण मी दार उघडलं नाही.

दार उघडलं ते होआयचं. ती किटली, पेले आणि बसायला लहान स्टुलं घेऊन बाहेर आली, सगळं गल्लीतच मांडलं आणि परत आत जाऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली. मार्गिट उठली. पिशवीतून तिने कागदात बांधलेलं काहीतरी काढलं आणि ती होआयच्या दाराकडे निघाली. त्रामने तिला तेताचं सांगितलेलं असणार, कारण ती आधी पाय पुसायला थांबली. होआयने हात आडवा धरला.

"त्राम, हिला माझ्याबद्दल माहीत आहे का?" होआयने विचारलं.

त्राम म्हणाली, "मी सांगितलंय मावशी. ती म्हणते, तिचा यावर विश्वास नाही."

"मग तिचं येणं म्हणजे येणं नाही," होआय म्हणाली. "तिला भीतीच नाही. ती चांगली बाई आहे, तिला संध्याकाळी बोलाव, जेवायला घालते. पण पहिलं पाऊल मला असं फुकटचं नको. जिला भीती वाटते अशी कुणी आली असती तर गोष्ट वेगळी होती."

ती हे मोठ्याने बोलली नाही. पण गल्ली एवढी चिडीचूप होती की प्रत्येक फटीतून ते ऐकू गेलं असणार. मला पहिला विचार आला की ही आपल्यालाच सुनावतेय, आपण फटीला आहोत हे तिला माहीत आहे. दुसरा विचार येण्याआधी माझ्या हाताखालून अडसर निघाला. लुआ माझ्या बाजूने बाहेर पडली. अंगावर नवा जांभळा झगा, एक हात पोटाखाली. मी तिच्या बाहीला धरायला गेले आणि माझ्या हातात काहीच आलं नाही. ती गल्ली ओलांडून, मार्गिटच्या बाजूने, होआयच्या घरात शिरली.

आतून तिचा आवाज आला. "मावशी, मला फार भीती वाटते. पण आज मलाही कुणी घरात घेत नाही. चहा टाका."

मला असा संताप आला की काय सांगू. हिला दोनदा झालं ते कमी पडलं का? आता ही परत घरात येणार, खिएमभाऊंच्या आधी, अपशकुनी पोट घेऊन, तेही त्या घरातून. आणि होआयने हे घडवून आणलं, शब्द टाकून, जाळं लावून, असं माझं मन मला ओरडून सांगत होतं. मी तशीच अनवाणी गल्लीत उतरले. पाहुण्यांनी मला वाट दिली. तिला केसाला धरून ओढून आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

होआयच्या उंबऱ्याशी आले आणि थांबले. आत टेबलावर ताट मांडलेलं होतं, पाकवलेलं आलं, भोपळ्याच्या बिया, केळीच्या पानात बांधून उकडलेल्या भाताच्या कापलेल्या वड्या. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी मांडतात तसंच सगळं. लुआ खुर्चीवर बसून आलं चघळत होती. होआय तिच्या जवळ नव्हती. ती खोलीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून, चेहरा भिंतीकडे वळवून.

"थिएप ताई, तिला घेऊन जा," ती तशीच म्हणाली. "मी तिला हात लावलेला नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा तिचा तिनेच ओतून घेतलाय."

जाळं लावणारी बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहत नाही, एवढं मलाही कळतं. गल्लीच्या टोकाकडून खिएमभाऊंचं हसू ऐकू येत होतं, ते आता आमच्यापासून तिसऱ्या घरापाशी पोचले होते. मी मागे वळले असते तर त्यांच्या आधी घरी पोचले असते. माझं दार उघडंच होतं, घर रिकामं होतं. मला खूप भीती वाटत होती, आणि ती मी लपवली नाही. मी उंबरा ओलांडून आत गेले. लुआच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"इकडे तोंड कर," मी होआयला म्हटलं. "पाहुणे आल्यावर भिंतीकडे बघत उभं राहायची कुठली पद्धत? आणि चहा गार झालाय, दुसरा टाक."

ती वळली. किटली उचलताना तिच्याने माझ्याकडे नीट बघवेना, आणि माझ्याने तिच्याकडे. बाहेर त्राम पाहुण्यांना हळू आवाजात सांगत होती की आता फोटो काढू नका.